क्विबी: १७५ कोटी डॉलर हाताशी असूनही सहा महिन्यांत का बंद पडलं?

मोबाइलवर पाहायच्या छोट्या मालिका, हॉलिवूडचे नावाजलेले कलाकार, डिझ्नीपासून अलिबाबापर्यंतचे गुंतवणूकदार आणि तब्बल १७५ कोटी डॉलर भांडवल. एवढी तयारी करून 'क्विबी' हे ॲप ६ एप्रिल २०२० रोजी अमेरिका आणि कॅनडात सुरू झालं. २१ ऑक्टोबर २०२० रोजी कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. मधे गेले फक्त १९८ दिवस.

स्टार्टअप बुडणं ही नवी गोष्ट नाही. बहुतेक स्टार्टअप पैशाअभावी, अनुभवाअभावी किंवा ओळखीअभावी बुडतात. क्विबीकडे या तिन्ही गोष्टी भरपूर होत्या. शिवाय ज्या कल्पनेवर ते उभं होतं, ती कल्पना पुढे तीनच वर्षांत दुसऱ्या कंपन्यांनी चालवून दाखवली. त्यामुळे क्विबीच्या अपयशात पाहायचे असतात ते त्याच्या प्रमुखांनी घेतलेले निर्णय. ते कोणते होते आणि त्यातून काय शिकता येतं, ते पाहूया.

क्विबी नेमकं काय होतं?

'क्विक बाइट्स' म्हणजे झटपट घास. या दोन शब्दांवरून 'क्विबी' हे नाव तयार झालं. कल्पना सोपी होती. बसची वाट पाहताना, चहाच्या सुट्टीत किंवा डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत लोक मोबाइल बघतात. त्या वेळेत त्यांना यूट्यूबवरच्या घरगुती व्हिडिओंऐवजी चित्रपटाच्या तोडीचं काही दाखवायचं. प्रत्येक भाग दहा मिनिटांच्या आत संपणारा. मोठी गोष्ट असेल तर तीही अशाच तुकड्यांत सांगायची.

ॲपमध्ये 'टर्नस्टाइल' नावाचं तंत्र होतं. फोन आडवा धरला तर आडवं दृश्य आणि उभा धरला तर त्याच क्षणाचं उभं दृश्य दिसायचं. त्यासाठी प्रत्येक भागाच्या दोन आवृत्त्या तयार कराव्या लागत. या तंत्रावरून 'एको' नावाच्या कंपनीशी क्विबीचा कोर्टात वादही सुरू झाला होता.

जाहिरातींसह पाहायचं असेल तर महिन्याला ४.९९ डॉलर आणि जाहिरातींशिवाय ७.९९ डॉलर अशी किंमत होती. त्या वेळच्या दराने साधारण ३७० आणि ५९० रुपये. सुरुवातीला नाव नोंदवणाऱ्यांना ९० दिवस फुकट होते.

चालवणारे कोण होते?

क्विबीचे संस्थापक जेफ्री कॅटझेनबर्ग हे हॉलिवूडमधलं मोठं नाव. १९८४ ते १९९४ या काळात ते डिझ्नीच्या चित्रपट विभागाचे प्रमुख होते. 'द लिटल मर्मेड', 'अलादीन' आणि 'द लायन किंग' हे ॲनिमेशनपट त्याच काळातले. पुढे त्यांनी स्टीव्हन स्पीलबर्ग आणि डेव्हिड गेफन यांच्यासोबत ड्रीमवर्क्स काढली. 'श्रेक' याच कंपनीचा. २०१६ मध्ये ड्रीमवर्क्स ॲनिमेशन कॉमकास्टने ३८० कोटी डॉलरला विकत घेतली.

मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या मेग व्हिटमन. १९९८ मध्ये त्या ई-बेमध्ये आल्या तेव्हा तिथे तीसच्या आसपास माणसं काम करत होती. दहा वर्षांनी त्यांनी कंपनी सोडली तेव्हा ही संख्या सुमारे १५ हजार झाली होती. नंतर त्यांनी एचपीसारखी अवाढव्य कंपनी सांभाळली. म्हणजे एकाला मनोरंजन कळत होतं आणि दुसरीला तंत्रज्ञान कंपनी चालवणं. कागदावर यापेक्षा चांगली जोडी सापडणं कठीण.

कॅटझेनबर्ग यांच्या खात्यात याच वाटेवरचं एक जुनं अपयशही होतं. १९९९ मध्ये ड्रीमवर्क्सने 'इमॅजिन एंटरटेनमेंट' या कंपनीसोबत 'पॉप डॉट कॉम' ही वेबसाइट काढायची घोषणा केली होती. इंटरनेटवर छोटे व्हिडिओ दाखवायचे, अशी ती योजना. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांचा पैसाही त्यात होता. सप्टेंबर २००० मध्ये, प्रेक्षकांसमोर येण्याआधीच ती गुंडाळली गेली.

एवढा पैसा आला कुठून आणि गेला कुठे?

ऑगस्ट २०१८ मध्ये क्विबीने पहिले १०० कोटी डॉलर उभे केले. तेव्हा ॲप तयार नव्हतं आणि एकही मालिका लोकांनी पाहिली नव्हती. गुंतवणूकदारांत डिझ्नी, एनबीसी युनिव्हर्सल, सोनी, व्हायाकॉम, वॉर्नरमीडिया हे स्टुडिओ होते. गोल्डमन सॅक्स आणि जेपी मॉर्गनसारख्या बँका आणि चीनची अलिबाबाही होती. मार्च २०२० पर्यंत आणखी ७५ कोटी डॉलर आले. सगळे मिळून त्या वेळच्या दराने सुमारे १३ हजार कोटी रुपये.

यातला मोठा वाटा मालिकांवर गेला. काही मालिकांसाठी मिनिटाला एक लाख डॉलरपर्यंत खर्च करण्याची कंपनीची तयारी होती. पहिल्या वर्षात १७५ मालिका आणि साडेआठ हजार भाग दाखवायचं ठरलं होतं.

निर्मात्यांशी केलेले करार त्यांच्या फायद्याचे होते. निर्मितीचा सगळा खर्च आणि त्यावर साधारण २० टक्के क्विबी द्यायची. दोन वर्षांनी निर्मात्याला तीच मालिका सलग जोडून दुसरीकडे विकता येणार होती आणि सात वर्षांनी सगळे हक्क त्याच्याकडे परत जाणार होते. त्यामुळे मोठे कलाकार पटापट आले. पण याचा दुसरा अर्थ असा की, पैसा क्विबीचा असला तरी मालिका कायमच्या तिच्या मालकीच्या नव्हत्या. पुढे कंपनी विकायची वेळ आली तेव्हा ही गोष्ट आड आली.

जाहिरातीवरही भरपूर खर्च झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये सुपर बोल या अमेरिकेतल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या सामन्यात क्विबीची जाहिरात झळकली. बँक लुटून बाहेर आलेले चोर गाडीची वाट बघत आहेत आणि चालक मात्र क्विबी पाहण्यात गुंग आहे, असं त्यात दाखवलं होतं. 'क्विबी' म्हणजे दहा मिनिटांहून कमी वेळ, हे लोकांच्या मनात ठसवायचा तो प्रयत्न होता. ॲपवर नेमकी कोणती मालिका पाहायला मिळेल, हे मात्र त्यातून कळत नव्हतं.

सुरू झाल्यावर काय घडलं?

पहिल्या आठवड्यात १७ लाख डाउनलोड झाले. आकडा वाईट नव्हता, पण पुढे वेग मंदावला. मेच्या मध्यापर्यंत कंपनीच्या सांगण्यानुसार डाउनलोड ३५ लाखांवर आणि सक्रिय वापरकर्ते १३ लाखांवर होते. पहिल्या वर्षात ७४ लाख सदस्य मिळवायचं लक्ष्य असल्याचं त्या वेळच्या बातम्यांत आलं होतं.

खरी परीक्षा जुलैमध्ये होती. तेव्हा सुरुवातीच्या लोकांचे ९० फुकट दिवस संपले. 'सेन्सर टॉवर' या ॲपचा हिशेब ठेवणाऱ्या कंपनीने अंदाज मांडला की, पहिल्या तीन दिवसांत आलेल्या सुमारे ९ लाख १० हजार लोकांपैकी फक्त ७२ हजार, म्हणजे साधारण ८ टक्के लोक पैसे भरून थांबले. क्विबीने हा अंदाज नाकारला. तरी ऑक्टोबरमध्ये कंपनीने स्वतःच दुकान बंद केलं आणि १ डिसेंबर २०२० रोजी सेवा थांबली.

कोरोनामुळेच बुडालं का?

मे २०२० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत कॅटझेनबर्ग यांनी जे काही बिघडलं त्याचं खापर कोरोनावर फोडलं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. क्विबी घराबाहेरच्या फावल्या वेळासाठी बनवलं होतं. ते सुरू झालं तेव्हा अमेरिकेत लोक घरात बसले होते. बसचा थांबा नाही, ऑफिस नाही, लोकलसारखा प्रवास नाही. घरात समोर मोठा टीव्ही असताना फोनवर मालिका कोण पाहणार?

पण त्याच काळात त्याच फोनवर टिकटॉक धावत होतं. एप्रिल २०२० च्या अखेरीस टिकटॉकचे जगभरातले डाउनलोड २०० कोटींवर गेले होते. म्हणजे लॉकडाउनमध्येही लोक फोनवर छोटे व्हिडिओ पाहत होते, तेही रोज आणि तासन्‌तास. लॉकडाउनने क्विबीचं नुकसान केलं हे खरं, पण आधीच असलेल्या चुकाही त्याने लवकर उघड्या पाडल्या.

नेतृत्वाच्या पाच चुका आणि त्यातले धडे

१. छोटा प्रयोग न करता थेट मोठी उडी

चित्रपटाच्या धंद्यात एक पद्धत रुळलेली आहे. दोन-तीन वर्षं खपून चित्रपट बनवायचा, जाहिरात करायची आणि एका शुक्रवारी तो लावायचा. ॲपचा धंदा तसा चालत नाही. तिथे अर्धवट वस्तू थोड्या लोकांच्या हातात द्यायची, त्यांना काय आवडतं ते पाहायचं आणि बदल करत मोठं व्हायचं, अशी रीत आहे. क्विबी ॲप असूनही चित्रपटासारखं 'प्रदर्शित' झालं. पाच-सहा मालिका आणि एखाद्या शहरातले काही हजार प्रेक्षक घेऊन वर्षभर प्रयोग करता आला असता. त्याऐवजी शेकडो कोटींची कंत्राटं आधी झाली आणि प्रेक्षकांचं मत नंतर कळलं.

इथला धडा पैशाच्या शिस्तीचा आहे. पैसा कमी असला की माणूस आधी विचारतो, मग खर्च करतो. पैसा भरपूर असला तर ते विचारण्याची सक्ती राहत नाही. ती सक्ती प्रमुखाने स्वतःवर घालून घ्यावी लागते.

२. जुन्या यशावर फार विसंबणं

कॅटझेनबर्ग यांना चांगली गोष्ट ओळखता येत होती आणि व्हिटमन यांना कंपनी मोठी करता येत होती. पण वीस वर्षांची मुलं फोनवर काय आणि का पाहतात, हे कळण्यासाठी दोघांचाही अनुभव पुरेसा नव्हता. चांगला दर्जा दिला की लोक पैसे देतील, हे गृहीतक हॉलिवूडमधलं होतं. फोनवर मात्र ओळखीच्या चेहऱ्याच्या, साध्या खोलीत काढलेल्या व्हिडिओलाही लाखो प्रेक्षक मिळतात, कारण तिथे जिव्हाळा आणि गप्पा असतात.

सुरू होण्याआधीच काही वरिष्ठ अधिकारी क्विबी सोडून गेले होते. प्रमुख जितके नामवंत, तितकं त्यांच्यासमोर 'हे चालणार नाही' म्हणणं अवघड होतं. त्यामुळे अशा प्रमुखांनी विरोधी मत मुद्दाम मागून घ्यावं लागतं. ते आपोआप समोर येत नाही.

३. ग्राहकाची नेमकी गरज न शोधणं

क्विबीला टक्कर होती कोणाशी? फावल्या पाच मिनिटांत यूट्यूब, इन्स्टाग्राम आणि टिकटॉक फुकट होते. पैसे देऊन पाहायचं तर डिझ्नी प्लस महिन्याला ६.९९ डॉलरमध्ये डिझ्नीचा सगळा खजिना देत होतं, आणि तो घरातल्या टीव्हीवर सगळ्यांना मिळून पाहता येत होता. क्विबी या दोन्हींच्या मधे अडकलं. फुकटवाल्यांपुढे ते महाग होतं आणि पैसेवाल्यांपुढे तोकडं.

एखादी वस्तू कशी बनवायची हे ठरवण्याआधी 'ही नसेल तर कोणाचं काय अडेल?' हा प्रश्न विचारावा लागतो. क्विबी नव्हतं तेव्हा फोन पाहणाऱ्या कोणाचं फारसं अडलेलं नव्हतं.

४. लोकांच्या बोलण्याची वाट बंद करणं

सोशल मीडिया वापरणाऱ्यांना ही चूक सगळ्यात लवकर कळेल. क्विबीवर सुरुवातीला स्क्रीनशॉट काढता येत नव्हता. काढायला गेलं तर काळा चौकोन यायचा. छोटी क्लिप कापून मित्राला पाठवायची सोय नव्हती. म्हणजे मीम नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा नाही, 'हे बघच' म्हणून पाठवणं नाही. चोरी होऊ नये म्हणून स्टुडिओवाले जी काळजी घेतात, तीच काळजी इथे महागात पडली.

गंमत अशी की, क्विबीचं जे दृश्य ट्विटरवर सर्वाधिक फिरलं ते '५० स्टेट्स ऑफ फ्राइट' या भयमालिकेतलं, सोन्याच्या हाताच्या गोष्टीचं. तेही लोकांनी थट्टा म्हणून फिरवलं. तरीसुद्धा त्या थट्टेमुळे क्विबीचं नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. कंपनीने नंतर स्क्रीनशॉटची सोय दिली, पण सुरुवातीचे आठवडे हातचे गेले होते.

५. ऐकलं, पण उशिरा

पहिल्या दिवसापासून लोक विचारत होते, 'हे टीव्हीवर का दिसत नाही?' क्विबीने फोनपुरतंच राहायचं हे धोरण म्हणून ठरवलं होतं. मेच्या अखेरीस आयफोनवरून आणि जूनमध्ये अँड्रॉइडवरून टीव्हीवर दाखवायची सोय आली. ॲपल टीव्ही, अँड्रॉइड टीव्ही आणि ॲमेझॉनच्या फायर टीव्हीसाठी स्वतंत्र ॲप आलं ते २० ऑक्टोबर २०२० रोजी. दुसऱ्याच दिवशी कंपनी बंद होत असल्याची घोषणा झाली.

फोनपुरतं राहणं ही कल्पना होती, वचन नव्हतं. लॉकडाउन लागल्यावर परिस्थिती बदलली होती. सुरू करायची तारीख पुढे ढकलणं किंवा टीव्हीचं काम आधी उरकणं हे दोन्ही मार्ग मार्चमध्ये मोकळे होते. ठरलेल्या योजनेवरचा विश्वास परिस्थितीपेक्षा मोठा ठरला.

त्यांनी काय बरोबर केलं?

क्विबीची टिंगल खूप झाली, पण दोन गोष्टींचं श्रेय द्यायला हवं.

पहिली म्हणजे पैसे पूर्ण संपेपर्यंत त्यांनी कंपनी रेटली नाही. कंपनी विकायचे प्रयत्न फसल्यावर त्यांनी कामकाज थांबवलं. उरलेले सुमारे ३५ कोटी डॉलर गुंतवणूकदारांना परत जातील, असं त्या वेळच्या बातम्यांत म्हटलं होतं. अनेक संस्थापक शेवटचा रुपया जळेपर्यंत थांबत नाहीत. मग कर्मचाऱ्यांचे पगार आणि पुरवठादारांची बिलं अडकतात.

दुसरी गोष्ट म्हणजे निरोपाच्या जाहीर पत्रातला सूर. मे महिन्यात सगळा दोष कोरोनाला दिला गेला होता. ऑक्टोबरच्या पत्रात कॅटझेनबर्ग आणि व्हिटमन यांनी दोन शक्यता मांडल्या. एक तर स्वतंत्र सेवा चालवण्याइतकी ही कल्पना दमदार नव्हती किंवा वेळ चुकली, आणि कदाचित दोन्ही. एवढ्या मोठ्या अपयशानंतर पाच महिन्यांत इतकं मान्य करणं सोपं नसतं.

मालिकाही सगळ्या टाकाऊ नव्हत्या. '#फ्रीरेशॉन' या मालिकेसाठी लॉरेन्स फिशबर्न आणि जॅस्मिन सिफस जोन्स यांना २०२० मध्ये छोट्या मालिकांतल्या अभिनयाचे एमी पुरस्कार मिळाले.

पुढे काय झालं?

जानेवारी २०२१ मध्ये 'रोकू' या टीव्ही स्ट्रीमिंगच्या कंपनीने क्विबीच्या ७५ हून अधिक मालिकांचे हक्क घेतले. ही किंमत १० कोटी डॉलरपेक्षाही कमी असल्याचं तेव्हा छापून आलं. रोकूने त्या मालिका जाहिरातींसह फुकट आणि टीव्हीवर दाखवल्या. केविन हार्टच्या 'डाय हार्ट'चा तर पुढचा भागही रोकूने काढला. मालिका त्याच होत्या, बदलली होती ती किंमत आणि पडदा.

'टर्नस्टाइल'चं तंत्र २०२१ मधल्या तडजोडीत एको कंपनीकडे गेलं.

याहून मोठा पुरावा 'मायक्रो ड्रामा'चा आहे. चीनमध्ये उभ्या पडद्यावरच्या, मिनिट-दोन मिनिटांच्या भागांच्या मालिका प्रचंड चालू लागल्या. २०२२ मध्ये आलेल्या 'रीलशॉर्ट' या ॲपने तीच पद्धत अमेरिकेत नेली आणि २०२३ मध्ये ते तिथल्या ॲप स्टोअरवर वरच्या क्रमांकांत पोहोचलं. आता हिंदीसारख्या भारतीय भाषांतही अशा मालिका तयार होतात आणि त्यांच्या जाहिराती रील्स पाहताना समोर येतात.

रीलशॉर्टची पद्धत क्विबीच्या जवळपास उलट आहे. कलाकार अनोळखी असतात, चित्रीकरण थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत उरकतं. पहिले काही भाग फुकट असतात आणि प्रत्येक भाग उत्कंठेच्या टोकावर तोडलेला असतो. पुढचं पाहायचं तर पैसे मोजायचे. कोणती गोष्ट चालते हे लगेच कळतं, न चालणारी सोडून देता येते. एक मालिका पडली तर कंपनी पडत नाही. क्विबीची प्रत्येक चूक महाग होती, कारण तिचा प्रत्येक प्रयोगच महाग होता.

थोडक्यात

- आधी थोड्या लोकांवर प्रयोग, मग मोठा खर्च. भांडवल कितीही असलं तरी हा क्रम उलटा करू नये.
- एका धंद्यातलं यश दुसऱ्या धंद्यात तसंच लागू पडेल असं धरून चालू नये.
- स्पर्धा कोणाशी आहे हे ग्राहकाच्या बाजूने पाहावं. फुकट मिळणारी वस्तूही स्पर्धकच असते.
- लोकांना आपल्याबद्दल बोलायची आणि दाखवायची सोय द्यावी.
- परिस्थिती बदलली की ठरलेली योजना पुन्हा तपासावी, अगदी सुरू करायच्या आदल्या आठवड्यातही.
- बंद करायचं ठरलं तर देणी भागतील एवढे पैसे हातात असतानाच करावं.

घरगुती डब्यांचं ॲप काढणारी पुण्यातली दोन मुलं असोत की यूट्यूब चॅनल सुरू करणारा कोल्हापूरचा तरुण, त्यांच्याकडे क्विबीइतका पैसा नसतो. पण पहिल्या पन्नास ग्राहकांना 'पुढच्या महिन्यात यासाठी पैसे द्याल का?' असं विचारायला पैसा लागत नाही. क्विबीने हा प्रश्न विचारला तेव्हा जुलै उजाडला होता आणि मालिकांची कंत्राटं केव्हाच सह्या होऊन गेली होती.